आईचं वजन साडेसहा किलोनं उतरलंय, ‘जेवण जात नाही’ म्हणते

मिरजेचा_मुक्काम

नमस्कार मंडळी. मी हडपसरला असतो, आई मिरजेला, एकटी. वय 77. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. पुण्याला ये म्हटलं की ‘तुझ्या सातव्या मजल्यावर मला कोंडून घालणार का?’ असं विचारते, त्यामुळे तो विषय बंद केलाय.

दिवाळीत तिचं वजन 54 होतं. परवा गेलो तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या काट्यावर उभी केली, तर साडेसत्तेचाळीस. काटा बिघडला असेल म्हणून मीही चढून बघितलं. माझं वजन त्याने दुर्दैवाने अगदी बरोबर दाखवलं.

तिचा दिवस असा: सकाळी चहा. दुपारी स्वयंपाकाच्या मावशी येऊन दोन पोळ्या, भाजी, वरणभात करून जातात. संध्याकाळी चहा आणि दोन खाऱ्या. रात्री अर्धा कप दुधात अर्धी पोळी कुस्करून. सोमवार, गुरुवार उपास, शिवाय एकादशी आणि संकष्टी. आता आषाढी तोंडावर आलीय आणि चातुर्मासभर एकभुक्त राहायचं तिने ठरवलंय. मला ते परवा निघताना, रिक्षात बसल्यावर सांगितलं.

गोळ्या: साखरेची एक (मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली), रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, आणि सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची, ती चार-पाच वर्षं चालूच आहे. महिन्यापूर्वीच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.3 टक्के आली. डॉक्टर म्हणाले, छान आहे. बी 12 मात्र 160 आलं, त्याची इंजेक्शनं सुरू केलीत.

भाचीने प्रोटीन पावडरचा मोठा डबा पाठवला होता. आईने एकदा वास घेतला, पावडर कोणाला तरी देऊन टाकली आणि डब्यात हरभऱ्याची डाळ भरली. डबा चांगला आहे म्हणते. व्हॉट्सॲपवर रोज कोणी ओट्स सांगतं, कोणी किन्वा, कोणी म्हणतं म्हातारपणी दूध बंद करा. आमच्याकडे अंडं चालत नाही.

कोणी मला दिवसभराचा एक तक्ता करून देईल का? मावशींसाठी फ्रिजवर चिकटवतो.

जिमवाला_77

दादा, पावडर पुन्हा ट्राय करा. बिनवासाची मिळते, कणकेत मिसळली की कळत नाही. माझ्या आजोबांना तशीच देतो. नुसतं घरचं खाऊन या वयात भागत नाही.

डबेवाली_काकू

दादा, तक्ता देते, पण आज नाही. आधी चार दिवस आईच्या ताटात काय उरतं ते बघा.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. अकरा वर्षं डबे देतेय, त्यातले 19 डबे सत्तरीच्या पुढच्यांचे. मुलं कोणी बंगळूरला, कोणी टोरांटोला. पैसे मुलं पाठवतात म्हणून तक्तेही मुलंच पाठवतात. एकाने एक्सेलमध्ये पाठवला होता, कॅलरीच्या रकान्यासकट. त्याच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी फोन करून विचारलं, ‘बाई, आमटीला चिंच घालता की आमसूल?’ तो रकाना मुलाने ठेवलाच नव्हता.

डबा परत आला की मी तो थेट घासायला टाकत नाही. आधी उघडून बघते. माझी सून हसते, पण मला जे काही कळलंय ते त्या उरलेल्यातून.

एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांच्या डब्यातून रोज पोळीच्या कडा परत यायच्या, चंद्रकोरी कापून ठेवल्यासारख्या. मधलं सगळं खाल्लेलं. म्हणजे भूक होती, दात नव्हते. मग त्यांची कणीक दुधात भिजवायला लागले, मोहन थोडं जास्त, आणि तव्यावरून काढल्या काढल्या पोळ्या एकावर एक फडक्यात गुंडाळून. आठवड्यात चंद्रकोरी बंद.

एक आजी होत्या, त्यांची भाजी जशीच्या तशी परत यायची. पालक परत, दुधी परत, मुलीच्या सांगण्यावरून केलेला पनीरही परत. मुलीचा मला फोन, तुमच्या हाताला चव नाही म्हणून. शेवटी मी स्वतःच गेले. तर भाजीच्या पुडाचं झाकणच त्यांना उघडत नव्हतं. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. वरच्या पुडाचं झाकण सैल होतं, म्हणून त्यातला भात तेवढा खायच्या. महिनाभर नुसता भात आणि लोणचं. ‘तुम्हाला कशाला त्रास द्यायचा,’ म्हणाल्या. मी त्याच संध्याकाळी सैल झाकणाचा डबा आणला. दुसऱ्या दिवशी पालक संपला.

आणि सगळ्यात फसवा डबा म्हणजे लखलखीत होऊन परत येणारा. एका काकांचा तसा यायचा, मला कोण अभिमान! मग कळलं, जिन्याखालचं मांजर तीन महिन्यांत एवढं गुबगुबीत कसं झालं ते.

म्हणून सांगते, आईला फोनवर ‘जेवलीस का?’ विचारू नका. त्याला ‘हो’ एवढंच उत्तर असतं, कोणीही विचारलं तरी. ‘आज भाजीत कूट होतं का ओलं खोबरं?’ असं विचारा. न जेवलेल्या माणसाला ते सांगता येत नाही. आणि मावशींना सांगा, दुसऱ्या दिवशी आल्यावर पातेली आणि कचऱ्याची बादली दोन्ही बघायची. चार दिवस फक्त लिहून ठेवायचं. आईला बोलायचं नाही काही.

जिमवाले दादा, तुमच्या पावडरीशी माझं भांडण नाही. पण जो घास गिळायलाच त्रास होतोय त्यात काय मिसळलंय याने फरक पडत नाही.

मिरजेचा_मुक्काम

काकू, मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बादली मी रोज बघते की, तुम्ही कधी विचारलं?’

निवृत्त_फिजिशियन

काकू ताटाचं बघताहेत, मी गोळ्यांचं बोलतो. सोलापूरला बत्तीस वर्षं प्रॅक्टिस केली. रुग्ण समोर नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून नव्हे तर आईच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून घ्या.

पहिलं, 54 वरून साडेसत्तेचाळीस म्हणजे बारा टक्के. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांच्या वर वजन उतरलं, तर ते वयावर ढकलायचं नसतं, कारण शोधायचं असतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हर, छातीचा एक्स-रे. मधुमेही माणसात क्षयाची शक्यता जास्त असते आणि म्हातारपणी खोकला फारसा नसतानाही तो असू शकतो. उदासपणाही वजन उतरवतो. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात.

दुसरं, ती 6.3. चाळिशीच्या माणसाला मी शाबासकी दिली असती. 77 वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, वजन उतरलेल्या बाईंच्या कागदावर हा आकडा दिसला की मला काळजी वाटते. या वयात साडेसातच्या आसपास चालतं, तब्येत नाजूक असेल तर आठपर्यंतही चालवून घेतो. गोळीचा डोस ठरला तेव्हा त्या 54 किलोच्या होत्या आणि दोन वेळा जेवत होत्या. ग्लिमेपिराइड पोटात काही नसलं तरी साखर खाली ओढतं. उपासाच्या दिवशी दुपारी घाम येणं, हातपाय थरथरणं, गोंधळल्यासारखं बोलणं होतं का? त्या ‘उपासाने गळून गेले’ म्हणतील. ग्लुकोमीटर घरात आणून तेव्हाच बोट टोचून बघा, आणि 70 च्या खाली असली तर लगेच साखरपाणी द्या. एकभुक्त आणि ही गोळी यांचं जमत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. मुलाचं ऐकणार नाहीत.

मेटफॉर्मिनने काहींची भूक कमी होते, तोंडाला धातूसारखी चव येते. शिवाय मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी, दोन्हींमुळे बी 12 कमी शोषलं जातं. शाकाहारी माणसाला ते मुळात दूधदुभत्यातूनच मिळतं आणि आई घेतात अर्धा कप. आंबवलेल्या पिठातून मिळतं असं लोक सांगतात, त्यावर विसंबू नका. पाच वर्षं चाललेली ॲसिडिटीची गोळी अजून लागते का, हेही विचारा. मनाने एकदम बंद करू नका.

तिसरं, मीठ. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा हा सल्ला योग्य आहे, पण घरोघरी दोन टोकं दिसतात. एक, बीपी आहे म्हणून अळणी जेवण, की जेवणच सुटतं. दुसरं, ‘कमी सोडियमचं’ मीठ. त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्यांनीही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. किडनी कमजोर असेल तर ते महागात पडतं. साधं मीठ, जरा हात राखून.

किडनीचा रिपोर्ट हातात आला की मगच प्रथिनं वाढवा. क्रिएटिनिन ठीक असेल तर काकूंना मोकळं रान आहे.

पेजप्रेमी

मी सावंतवाडीचा. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांचा सकाळी दहा-अकराचा खुराक म्हणजे उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला पापड नाहीतर आंब्याचं लोणचं. दात नसले तरी चालतं. रात्री कुळथाची पिठी आणि मऊ भात. नाचणीची आंबील पण द्या, नाचणीत कॅल्शियम भरपूर. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, गव्हाच्या पिठात पन्नाससुद्धा नसतं. माझी आजी 91 पर्यंत पेजेवर होती.

डबेवाली_काकू

पेजप्रेमी, तुमची आजी पेजेसोबत बांगडाही खात असणार, ते तुम्ही लिहिलं नाहीत. 🙂

पेज मला स्वतःला आवडते. पण नुसती पेज म्हणजे पाणी आणि पिष्ट. तासभर पोट टम्म, मग दुपारचं जेवण ‘आत्ता नको’ म्हणून पुढे ढकललं जातं. तांदळाबरोबर मूठभर मूग शिजायला टाका, वर चमचाभर तूप, मग ती पेज कामाची. आंबीलही ताकातली द्या. आणि साखरेच्या माणसाला नाचणी ‘चालते’ म्हणून वाडगाभर पाजू नका, तेही पीठच आहे.

पिठी मात्र शंभर टक्के. कुळीथ मऊ शिजतो का, उसळ चावेल का, ही भानगडच नाही.

मिरजेचा_मुक्काम

अकरा दिवसांनी येतोय. दोन दिवस सुट्टी टाकून मिरजेला जाऊन आलो.

मावशींची वही: पहिला दिवस, एक पोळी बादलीत, भाजी फ्रिजमध्ये, भात संपला. दुसरा दिवस, तेच. तिसरा दिवस गुरुवार, साबुदाण्याची खिचडी संपली. चौथा दिवस, पोळी बादलीत, वरण संपलं, भाजीतले बटाटे संपले, गवार तशीच.

मी आईला म्हटलं, आ कर. नको म्हणाली. मग रात्री ती कवळी काढून पेल्यात ठेवताना बघितलं, खालच्या हिरडीला आतून पांढरं पडलेलं, चांगलं शेंगदाण्याएवढं. कवळी बाबा असताना केलेली. वजन उतरलं, हिरडी झिजली, कवळी सैल होऊन घासायला लागली. दुखतं म्हणून जेवताना काढून ठेवायची आणि चारचौघांत गेली की घालायची. म्हणजे मी घरी असताना घातलेली, मी गेलो की काढलेली. मला दर वेळी हसताना व्यवस्थित दात दिसायचे.

दंतवैद्याने कवळीला आतून नवीन थर देऊन ती बसवून दिली. आठवडाभर मऊ खा म्हणालेत. रक्तातल्या तपासण्या झाल्या, क्रिएटिनिन 0.9, थायरॉइड ठीक, एक्स-रे साफ. साखरेची गोळी बदलली, त्यातलं ग्लिमेपिराइड काढलं. डॉक्टरसाहेब, तुमचा उपासाचा अंदाज बरोबर निघाला. सोमवारी दुपारी साडेतीनला मीच बोट टोचलं, 66. ‘मला असं नेहमीच होतं, पडलं की बरं वाटतं,’ म्हणाली. लिंबू सरबत करून दिलं, मग पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं.

एकभुक्ताचं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, नाही म्हणजे नाही. घरी आल्यावर तासभर गप्प होती. मग म्हणाली, ‘चातुर्मासात काहीतरी सोडायचं तर असतंच. मी खारी सोडते.’

काकू, आता द्या तक्ता.

डबेवाली_काकू

चौकटी आखून नाही देत, बोलल्यासारखं लिहिते. मावशींना वाचून दाखवा.

हिशेब आधी. आईंच्या वयाला वजनाच्या किलोमागे रोज एक ते 1.2 ग्रॅम प्रथिनं धरतात. त्यांना पन्नास-साठ लागतील. तुम्ही लिहिलेलं सगळं त्यांनी खाल्लं असतं तरी मी मोजलं ते चोवीस-पंचवीसच भरतं. आणि पोळी तर बादलीत जात होती. ही तूट मोठं ताट वाढून भरत नाही. म्हाताऱ्या माणसाचं ताट बघूनच पोट भरतं. लहान वाटी, जास्त वेळा, आणि प्रत्येक वाटीत काहीतरी दडवलेलं.

सकाळच्या चहाबरोबर मुगाचं धिरडं. रात्री मूठभर मूग भिजवायचे, सकाळी आलं-जिरं घालून वाटायचे, दोन लहान धिरडी होतात. तेवढ्यात सात-आठ ग्रॅम आले. चहाच्या पातेल्यातलं दूध वाढवा, पाणी कमी करा. मात्र जेवणाबरोबर चहा नको, भाजीतलं लोह अंगी लागत नाही.

दुपारी वरण घट्ट. आपल्याकडे पथ्याचं वरण म्हणजे हळदीचं पाणी करतात, डाळ तळाला जाऊन बसते आणि वाढपी वरचं ओततो. पळी उभी राहील असं हवं. भाजीत दाण्याचं कूट, पोहे खायच्या चमच्याने दोन चमचे, वाटलेलं, भरड नको, कवळीखाली कण गेला की जीव जातो. आधी वरणभाताचे चार घास, पोळी नंतर. पोट भरायच्या आत कामाचं पोटात गेलं पाहिजे.

चारला खारीच्या जागी चक्का. पाव किलो दही फडक्यात बांधून टांगलं की लहान वाटीभर निघतो. साखर नको, जिरेपूड आणि चवीला मीठ, वर फोडणी दिली तरी छान. दोन वाट्या दह्याचं एका वाटीत येतं आणि चावायचं काही नाही. खाली पडलेलं पाणी फेकू नका, कणीक त्यातच भिजवा. रात्रीच्या दुधात दुधाची पावडर दोन चमचे, वास येत नाही, दुधाचाच असतो. त्याने आणखी चार-पाच ग्रॅम. मेतकूट घरात असू द्या. जेवण नको म्हणाल्या त्या दिवशी मऊ भात, मेतकूट, तूप. त्याला माझ्या एकोणीस जणांत अजून कोणी नाही म्हटलेलं नाही.

उपास मोडायला लावू नका, ताट बदला. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, साखरेलाही वाईट. राजगिऱ्याचं थालीपीठ, दाण्याची आमटी, भगर, दही. उपास तोच, देवही तोच.

पाणी. रात्री उठायला लागू नये म्हणून बायका पाणी तोडतात. तहान तर या वयात लागतही नाही. लिटरची बाटली सकाळी भरून ठेवा, संध्याकाळी पाचच्या आत संपवायची, रात्री थोडं. ताक त्यात धरा.

आणि एक विचारते, रागावू नका. आई जेवायला बसतात कुठे?

मिरजेचा_मुक्काम

ओट्यापाशी. उभ्याने. मावशींनी सांगितलं. बाबांचं ताट वाढायचं राहिलं नाही तर टेबल पुसायचं कशाला, असं म्हणाली म्हणे.

मावशी आता साडेअकराऐवजी साडेबाराला येतात आणि स्वतःचा डबा तिथेच खातात. त्यांनीच सुचवलं. वेळ जास्त जातो म्हणून पगार पाचशेने वाढवला.

मिरजेचा_मुक्काम

महिना झाला म्हणून कळवतो. काटा तोच, मेडिकलवालाही तोच. 48.4. डॉक्टर म्हणाले, घसरण थांबली हेच मोठं, घाई नको. खुर्चीतून हात न टेकता दिवसातून दहा वेळा उठायला सांगितलंय, नाहीतर खाल्लेलं पायात उतरत नाही म्हणाले. सहाच्या पुढे गेलेली नाही, पण मोजते मोठ्याने. दाण्याची आमटी जमली. चक्का सपशेल नापास, ‘श्रीखंड करायचं सोडून हे काय’. दुधाची पावडर चौथ्या दिवशी ओळखली, पण पिते.

काल फोनवर भाजीचं विचारलं तर दहा मिनिटं ऐकून घ्यावं लागलं. मावशी हिंग फार घालतात.

डबेवाली_काकू

चक्क्याचं पाणी वापरलंत का ते सांगा. आणि धिरडी? कडा परत येतात का?

मिरजेचा_मुक्काम

येतात. आत्ताच मावशींना विचारलं. मधलं संपतं, कडा बाजूला काढून ठेवते.

डबेवाली_काकू

तवा फार तापतोय. पीठ घालताना आच कमी, वर झाकण, आणि उलटायचं नाही. उद्या बादली बघून सांगा.